कुठं चुकली वाट?

आधी वास येतो. कुजलेल्या पानांचा, भिजलेल्या कातड्याचा आणि त्या दोन्हींखाली दबलेला जखमांचा. मग पाऊस दिसतो. १९४२ चा मे महिना आहे. ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या तामूहून इंफाळकडे चढणाऱ्या वाटेच्या कडेला तुम्ही उभे आहात आणि चिखल तुमच्या घोट्याच्या वर आलाय.

वाटेनं माणसं येताहेत. निर्वासित आहेत, रंगूनमधून पोराबाळांसकट निघालेले तेलुगू, तमिळ, बंगाली. त्यांच्यामागून सैनिक. गणवेशाच्या चिंध्या झाल्यात, दाढ्या वाढल्यात, हिवतापानं चेहरे पिवळे पडलेत. शेतातली बुजगावणी उठून चालायला लागावीत तसे ते दिसतात. रंगूनपासून जवळजवळ ९०० मैल ते मागं मागं येत इथं पोचलेत. रणगाडे चिंदविन नदीच्या पलीकडं स्वतःच्या हातांनी निकामी करून आलेत; एकच रणगाडा नदी ओलांडू शकला. सुमारे १३,००० सोबती मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पण नीट बघा. हा घोळका नाही. ते तुकडीतुकडीनं येताहेत आणि प्रत्येकाच्या खांद्यावर त्याचं हत्यार आहे.

तुमच्यापासून थोड्या अंतरावर आणखी एक माणूस हेच बघतोय. पन्नाशीचा, रुंद जबड्याचा, भिजलेला. विल्यम स्लिम. बाप लोखंडी सामानाचा छोटा व्यापारी. स्लिमनं स्वतः काही काळ शाळेत मुलांना शिकवलं, मग एका कंपनीत कारकुनी केली. पहिलं महायुद्ध लागलं नसतं तर तो अधिकारी झालाच नसता, तेवढे पैसे त्याच्या घरात नव्हते. नंतर तो गुरखा पलटणीत आला आणि तिथलाच झाला. मार्चमध्ये त्याला या फौजेची कोअर मिळाली, तेव्हाच निम्मी लढाई हातची गेलेली होती. उरलेली तो हरला.

त्याच्या मनात आत्ता काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. १४ वर्षांनी, १९५६ साली, ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ या पुस्तकात तो ते लिहील. जपानी आपल्यापेक्षा चांगले लढले, त्यांचे सेनापती आपल्यापेक्षा सरस ठरले, आणि त्या सेनापतींमध्ये मी होतो, असा त्या पानांचा सूर आहे. जिंकलेल्या सेनापतींची पुस्तकं पुष्कळ आहेत. आपल्या चुकांची यादी स्वतःच्या हातानं मांडणारी फार थोडी. मोठ्या युद्धासाठी नेतृत्व कसं घडतं, हा प्रश्न घेऊन तुम्हाला मी इथं आणलंय. कारण ते घडणं या चिखलात सुरू झालं, विजयाच्या संचलनात नाही.

चला, पुढं. रांचीला फार थांबायचं नाही. इथं स्लिमच्या कोअरच्या मुख्यालयातला कारकून, स्वयंपाकी, सिग्नलवाला, सगळे पहाटे धावताहेत, कूच करताहेत, निशाणबाजी करताहेत. जंगलात मागची सुरक्षित बाजू नसते. शत्रू कुठूनही येतो, म्हणून बिनलढाऊ माणूस नावाचा प्रकारच त्यानं रद्द केलाय. त्यानं आपल्या माणसांना दिलेले धडे साधे आहेत. जंगल अभेद्य नाही, वैरीही नाही, त्यात राहायला शिका. शत्रू तुमच्या मागं आला तर वेढा तुम्हाला पडलाय असं समजू नका, त्याला पडलाय असं समजा. समोरून धडका मारू नका. आणि गस्त घाला, सतत गस्त घाला.

गस्तीवर त्याचा भर का, हे मात्र ऐका. हरलेल्या फौजेच्या मनात शत्रूचा राक्षस होतो. जपानी सैनिक झाडावर चढतो, अंधारात दिसतो, त्याला भूक लागत नाही, अशा गोष्टी बराकीत फिरतात. भाषणानं तो राक्षस मरत नाही. चार-सहा जण रात्री बाहेर जातात, शत्रूला दबा धरून गाठतात आणि परत येऊन लंगरात चहा पिताना सांगतात, तेव्हा तो मरतो. त्यानंतर छोटे हल्ले, आणि तेही हरणं अशक्य होईल अशा जोरानं: जपानी प्लाटूनवर आख्खी पलटण, कंपनीवर आख्खी ब्रिगेड. कुणी म्हणालं की एवढ्याशा कामाला एवढी ताकद कशाला. कारण पहिला डाव जिंकण्याची चव त्या पोरांना लागायला हवी होती. पोहायला शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी पोराला भोवऱ्यात ढकलत नाही.

आणि हिवताप. १९४३ मध्ये जखमी होऊन मागं जाणाऱ्या एका माणसामागं १२० जण आजारानं मागं जात होते. गोळ्या होत्या, माणसं त्या घेत नव्हती. स्लिमनं पलटणींवर अचानक तपासण्या लावल्या. ९५ टक्क्यांहून कमी माणसांच्या अंगात औषध सापडलं तर पलटणीचा कमांडर घरी. सैनिक नव्हे, कमांडर. तीन जणांना काढावं लागलं, त्यानंतर गरज पडली नाही. मला हा त्याच्या सगळ्या लढायांइतकाच मोठा निर्णय वाटतो. शिक्षा वरच्याला झाली की खालचा सैनिक औषध घेतो. पलटणींना अर्धा शिधा मिळायची वेळ आली तेव्हा मुख्यालयाच्या ताटातही अर्धाच पडला, हेही त्याच जातीचं.

आता वाका. डोकं खाली घ्या.

१९४४, मार्चचा शेवटचा आठवडा. इंफाळच्या ईशान्येला, उखरुलच्या बाजूला तांगखुल नागांचं सांगशाक नावाचं गाव आहे, डोंगराच्या माथ्यावर. तुम्ही मांडीएवढ्या खोल खड्ड्यात आहात. याहून खोल खणता येत नाही, खाली कातळ आहे. त्याच कातळामुळं मेलेली माणसं पुरता येत नाहीत, मेलेली खेचरंही. काटेरी तार आलीच नाही. विमानातून टाकलेलं पाणी आणि दारूगोळा बहुतेक जपान्यांच्या हद्दीत पडतोय, कारण माथा इतका लहान आहे की जरा वारा सुटला की छत्री पलीकडं जाते. इथं ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आहे आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. म्हणून कानावर येणारी भाषा तुमची आहे.

“पानी र्‍हाऊ दे. गोळ्या मोज आधी.”

“बारा.”

“माझ्याकडच्या चार घे. सगळ्या एकदम नको उडवूस.”

बोलणारा नाईक आहे. वय तेवीस-चोवीस. प्लाटूनचा साहेब काल गेला, सुभेदारसाहेबांना सकाळी मागं नेलं. खालच्या उतारावर हालचाल होते आहे आणि वायरलेस मुकी आहे. कुणाला विचारणार? तुम्ही त्याच्याकडे बघता. त्याचा चेहरा तुमच्या गावाकडच्या कुठल्याही चेहऱ्यासारखा आहे: कुणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला आजोळी अजून पोर समजतात. तो उजवीकडच्या मोर्चातली ब्रेनगन उचलून डावीकडं आणतो. हुकमात असं नव्हतं. हुकमात ही कड सोडायची नाही एवढंच होतं. ती कशी धरायची ते त्याचं त्यानं ठरवलं. दहा मिनिटांनी ते डावीकडूनच येतात.

युद्ध या तापमानाला पोचलं की सेनापती दिसेनासा होतो. मोठ्या युद्धातला नेता म्हणजे नकाशासमोर उभा असलेला जनरल, हे चित्र आपण मनात धरतो. आजही जिथं संदेशयंत्रणा जॅम होतात आणि आकाशात ड्रोन घिरट्या घालतात, तिथं लढाईचा भार अशाच कुणा चोविशीतल्या पोरावर येतो आणि त्याला वरचा आवाज ऐकू येत नसतो. त्याच्यापाशी फक्त दोन गोष्टी असतात: वरच्यांना काय साधायचंय याची जाण, आणि आपण ठरवलं तर चालेल हा विश्वास. स्लिम हे ओळखून होता. मोठ्या मोहिमेच्या आदेशाची बाकीची कलमं त्याचे अधिकारी लिहायचे. एक परिच्छेद मात्र तो स्वतःच्या हातानं लिहायचा, हेतूचा. काय साधायचं आहे ते. कसं साधायचं ते बहुतेक वेळा खालच्यांवर सोडलेलं असायचं.

२६ तारखेला माथ्यावरच्या चर्चभोवती हातघाई होते. संध्याकाळी निघून येण्याचा हुकूम पोचतो. रात्री जे चालू शकतात ते अंधारात उतरतात. ज्यांना हलवता येत नाही ते जखमी मागं राहतात. त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी तुम्ही क्षणभर बसा. घाई करू नका. या सगळ्या गोष्टीचा हिशेब ज्या चलनात चुकता झाला ते चलन हे आहे.

या डोंगरानं जपान्यांचा जवळजवळ आठवडा खाल्ला. आणि इथंच एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशे सापडले. त्यांवरून स्पष्ट होत होतं की शत्रूची आख्खी ३१ वी डिव्हिजन कोहिमावर चालून निघाली आहे. नकला घेऊन माणसं रानातून इंफाळला गेली. स्लिमचा अंदाज वेगळा होता: कोहिमापर्यंतच्या दुर्गम डोंगरांतून फार तर एखादी रेजिमेंट येईल. आली डिव्हिजन. कोहिमात त्या वेळी जेमतेम १,५०० लढणारे होते. एप्रिलमध्ये टेनिस कोर्टाच्या दोन टोकांना दोन फौजा बसल्या होत्या ती कथा तुम्ही ऐकली असेल. ती ज्या चुकीतून उभी राहिली, ती चूक स्लिमनं आपल्या पुस्तकात आपल्या नावावर लिहून ठेवली आहे. आपली चूक आपल्या शूर माणसांनी निस्तरली, हेही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. त्याच एप्रिलमध्ये, इंफाळच्या दक्षिणेला मोइरांगमध्ये आझाद हिंद फौजेनं तिरंगा फडकवला. म्हणजे या रानात समोरासमोरच्या दोन्ही खड्ड्यांत आपली पोरं होती. एकाला वाटत होतं मी पलटणीची अब्रू राखतोय, दुसऱ्याला वाटत होतं मी देश सोडवतोय. दोघंही खोटं बोलत नव्हते. मला त्यांच्यात न्यायनिवाडा करायचा नाही. दोघांनाही मी मनात जागा देतो.

जानेवारी १९४५. आराकानचा किनारा. खारफुटीचा चिखल, भरती-ओहोटीच्या खाड्या आणि त्यांच्या पलीकडं कांगॉ नावाचं गाव. इथून जपान्यांचा मागं जाण्याचा रस्ता तोडायचा आहे. ५१ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणी, आणि तिन्हींचे कमांडर हिंदी: के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि शंकरराव थोरात. कोल्हापूरजवळच्या वडगावचे थोरात. वय ३८, शिक्षण सँडहर्स्टचं, हाताखाली पंजाबी पलटण.

याचं मोल समजायला त्यांच्या मागची वीस वर्षं डोळ्यांपुढं आणा. महायुद्धाच्या आधी हिंदी अधिकाऱ्यांना ठरावीक पलटणींतच कोंडून ठेवलं जायचं, गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करावं लागू नये म्हणून. हिंदी माणूस शूर शिपाई होईल, पलटण चालवू शकणार नाही, असं उघड बोललं जायचं. माणसाला जबाबदारी द्यायची नाही आणि मग त्याला जबाबदारी पेलत नाही म्हणायचं, हा अन्याय या तिघांनी पचवला. युद्ध पेटलं, माणसं कमी पडली आणि दार उघडलं. नेतृत्व नाइलाजानं दिलं गेलं. ते पेललं मात्र नाइलाजानं नाही.

मेलरोझ असं सांकेतिक नाव दिलेली एक टेकडी आहे. तुम्ही तिच्या पायथ्याशी आहात, तोफा थांबल्यात आणि थोरातांची माणसं संगिनी लावून चढताहेत. कमांडर मागं नाही, त्यांच्यात आहे. वर खंदकांत जे होतं ते मी रंगवून सांगणार नाही. टेकडी घेतली गेली एवढं सांगतो. तिन्ही कमांडरांना डीएसओ हे पदक मिळालं. त्या संध्याकाळी चिखलात बसलेल्या या तिघांकडं तुम्ही बघाल तर तुम्हाला वाटेल, स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला सेनापती मिळाले.

मिळाले होते. म्हणूनच पुढचा मुक्काम जड आहे.

मार्च १९६०, लखनौ. पूर्व कमांडचं मुख्यालय. खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचलचा, नकाशा. समोर पूर्व कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल थोरात. श्रोत्यांत लष्करप्रमुख जनरल थिमय्या. कांगॉचेच दोघं, पंधरा वर्षांनी. आदल्या ऑगस्टमध्ये सीमेवरच्या लाँग्जूला चिनी गोळ्या चालल्या आहेत. थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्येच दिल्लीला टिपण पाठवलं होतं, आणि आता ‘लाल किला’ नावाच्या या युद्धसरावात ते तेच उलगडून दाखवताहेत: चीन कुठून येईल, आपल्यापाशी काय आहे, काय नाही, कुठली ठाणी किती दिवसांत पडतील. सीमेवरच्या ठाण्यांनी फक्त इशारा द्यावा आणि खरी लढाई मागं, जिथं आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते, तिथं द्यावी. चिखलातून मागं आलेल्या फौजेनं सोळा वर्षांपूर्वी इंफाळच्या मैदानात जे केलं, त्याचंच हे हिमालयातलं रूप आहे.

तुम्ही मागच्या रांगेत बसलात. ओरडून सांगावंसं वाटतं, कारण तुम्हाला १९६२ चं चीनयुद्ध माहीत आहे. पण ओरडायची गरज नाही. समोरचा माणूस सांगतोच आहे.

थिमय्यांना ते पटलेलं होतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते बाजूला सारलं. १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघंही निवृत्त झाले. पूर्व कमांड कुणाकडं गेली? एल. पी. सेन यांच्याकडं. कांगॉचा तिसरा कमांडर. सप्टेंबर १९६२ मध्ये चिन्यांना नामका चू नदीवरून हुसकावण्याचा हुकूम दिल्लीहून सुटला. कोअर कमांडर उमराव सिंग यांनी रसद नाही, रस्ता नाही, हे जमणार नाही असं लेखी कळवलं. त्यांच्याकडून ती जबाबदारीच काढून घेतली गेली. २० ऑक्टोबरच्या पहाटे त्या नदीकाठी जे जवान होते त्यांच्या अंगावर सुती कपडे होते.

मी हे कुणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला सांगत नाही. मला जे छळतं ते वेगळं आहे. तिघंही एकाच भट्टीतून निघाले होते. एकाच चिखलात, एकाच आठवड्यात, एकसारखी पदकं. भट्टीत खोट नव्हती. स्लिमच्या फौजेत खालून वर जाणारी वाईट बातमी पोचत होती, आणि पोचवणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. १९६२ च्या दिल्लीत ती पोचवणाऱ्याची खुर्ची जात होती. संगिनीसमोर न डगमगणारी माणसं आपण घडवली. हुकमाच्या कागदासमोर ‘हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना आपण सांभाळलं नाही. उद्या लढाई झालीच, तर आपल्या कुणाच्या तरी पोराचा जीव याच एका वाक्यावर अवलंबून असेल: ते कुणी म्हणालं का, आणि ते कुणी ऐकलं का.

एकच मुक्काम राहिलाय. मुद्दाम शेवटी ठेवला.

१९४३, पावसाळा ओसरल्यावरचे दिवस. नागपूरहून निघालेली नॅरोगेज गाडी धापा टाकत सातपुडा चढते आणि तुम्ही छिंदवाड्याला उतरता. बाजारात सौसरकडून आलेली माणसं मराठीत घासाघीस करताहेत. गावाबाहेर सागाच्या आणि बांबूच्या रानात १४ व्या भारतीय डिव्हिजनचे तळ आहेत. हीच डिव्हिजन याच वर्षी आराकानात पार मोडली. जूनमध्ये दिल्लीत एक समिती बसली. कच्च्या रंगरुटांना थेट रानातल्या लढाईत ढकललं जातंय हे तिनं उघड मांडलं. मग या मोडलेल्या डिव्हिजनलाच शाळा केलं. रेजिमेंटच्या केंद्रातून आलेला प्रत्येक रंगरूट आता दोन महिने इथं काढतो, एक महिना तळावर आणि एक महिना भर रानात. शिकवणारे काल हरून आलेत. कुठं हरलो ते त्यांना पाठ आहे.

रात्र आहे. शेकोटीत निखारे उरलेत. सहा पोरांची गस्त बाहेर गेली होती. नाल्यापलीकडची टेकडी गाठून तिथल्या ‘शत्रू’ची मोजदाद करून पहाटेच्या आत परतायचं होतं. ती फार लवकर परतलीय. म्होरक्या अठराएक वर्षांचा. गुडघे सोललेत, पगडी हातात आहे. उस्ताद ओंडक्यावर बसलेला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.

“किती मोजलेस?”

पोरगा गप्प. मागच्या पाचांतला एक जण बोलायला तोंड उघडतो, बहुधा एखादा आकडा फेकायला. म्होरक्या त्याला हातानं थांबवतो.

“पोचलोच नाही उस्ताद. वाट चुकलो. माझ्यामुळं.”

तुम्ही श्वास रोखून धरता. उस्ताद बराच वेळ त्याच्याकडं बघतो. मग ओंडक्यावरून थोडा सरकतो, पोराला बसायला जागा करतो आणि पायानं निखाऱ्यांपुढची राख सपाट करतो.

“कुठं चुकली वाट? दाखव.”

पोरगा बांबूची काडी उचलतो आणि राखेत आधी नाला काढतो.